तीन जिवांचा पट्टा

आमच्या हॉर्नकोम गावात जमीन वर्षांवर मिळत नाही, जिवांवर मिळते. कॅरस्लेक घराण्याच्या मोठ्या घरी जायचं, नजराणा भरायचा आणि पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची. त्या तिघांतला एक जरी श्वास घेत असला तरी शेत तुमचं. तिसराही गेला की शेत परत मोठ्या घराचं. म्हणून आमच्याकडे कुणी अंथरूण धरलं की शेजारीण आधी विचारते, पट्ट्यातला आहे का, आणि ताप किती ते मग विचारते.

आमचा पट्टा माझ्या सासऱ्यांनी केला. नावं घातली ती माझा नवरा निकलस, धाकटा दीर हम्फ्री आणि माझा ॲम्ब्रोज. ॲम्ब्रोज तेव्हा पाळण्यात होता. सासरे पक्के हिशेबी, म्हणाले पाळण्यातला जीव सगळ्यांत जास्त पुरतो. पोर माझं, दुखणं मी सोसलेलं, आणि त्याच्या अंगावर सगळ्या लस्कम घराण्याचं छप्पर चढवून हे मोकळे.

पट्ट्यातलं पोर कसं वाढतं ते पट्ट्यातल्या आईलाच माहीत. सफरचंदाच्या झाडावर चढू नको, वळूच्या वाड्याकडे फिरकू नको, नदीला पाणी आहे, घरी ये. बाकीची पोरं चिखलात लोळायची आणि हा दारात उभा राहून बघायचा. त्याला देवी आल्या तेव्हा मोठ्या घरचा नोकर रोज सकाळी फाटकाशी येऊन नाकाला रुमाल लावून विचारायचा, मुलगा कसा आहे. कुणाला काय जाणून घ्यायचं होतं ते मला कळत होतं. मी सांगितलं, "जिवंत आहे म्हणावं, आणि दूध मागतोय. आणि तुझ्या बाईसाहेबांचा कुत्रा कसा आहे, लस्कमांच्या सुनेने विचारलंय म्हणून सांग." दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. ॲम्ब्रोजही बरा झाला. गालांवर वण राहिले. मला ते कधी वाईट दिसले नाहीत.

सरकारने नवं कॅलेंडर आणताना मधले अकरा दिवस गिळले आणि लोक सणवार कधी धरायचे म्हणून भांडत बसले, त्याच्या पुढच्या वसंतात ॲम्ब्रोज घर सोडून गेला. बिडेफर्ड बंदरातून जहाजं समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंडला कॉड मासा धरायला जातात. वसंतात जायचं, शरदात यायचं, आमच्या भागातली निम्मी तरणी मुलं तेच करतात. मी नाही म्हटलं. बापाने नाही म्हटलं. फाटकाशी बोचकं खांद्यावर टाकून मला म्हणाला, "आई, एवढं जपलंस ते मला, की पट्ट्याला?"

मी म्हटलं, "दोघांना. एकाच घरात राहता तुम्ही."

तो हसला. हसला की वणांमुळे त्याचा डावा गाल जरा ओढल्यासारखा व्हायचा. मग टोपी मागे सारून उतारावरून गेला. मी आत आले, कारण भट्टीत पाव होता.

शरदात जहाज आलं, तो आला नाही. कप्तानाने सांगितलं की हिवाळाभर तिथेच राहिलाय, मागे राहणाऱ्याला मजुरी जास्त मिळते. पुढच्या शरदात कप्तान दुसरा, आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या शरदापासून मीच विचारणं सोडलं. कुणी सहज म्हणालं की आज बिडेफर्डला जहाज लागलंय, तर मी दूध घुसळण्याचा दांडा जोरात चालवायची. तेवढ्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही.

त्याच वर्षांत हम्फ्री घोड्यावरून पडून गेला आणि मग निकलस छातीच्या दुखण्याने गेला. पट्ट्यातला जीव गेला की घरातलं सर्वांत चांगलं जनावर मोठ्या घराला द्यावं लागतं. निकलसची शवपेटी दारात असतानाच आमचा तांबडा बैल नेला. बैल वळून वळून बघत होता, मी नाही बघितलं. राहिला एक ॲम्ब्रोज. जो कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या श्वासावर आम्ही सगळे राहत होतो. मी, माझी मुलगी जुडिथ, घरजावई रॉजर आणि त्यांची तान्ही डॉर्कस.

आमच्या वाट्याचा पट्ट्याचा कागद पेटीत असतो. वकिली अक्षर मला वाचता येत नाही. बायबलमधलं ठसठशीत छापलेलं बोट लावून लावून वाचते, त्यापलीकडे मजल नाही. पण ॲम्ब्रोजचं नाव कुठे बसलंय ते मला माहीत आहे. दिवाणजीची लेखणी तिथे जरा दाबली गेली होती. रविवारी चर्चहून आलं की मी तो कागद उघडायची आणि तिथे बोट ठेवायची. त्याचा जोडीचा कागद मोठ्या घरच्या लोखंडी पेटीत. म्हणजे दोन ठिकाणी तरी तो नक्की होता.

यंदा कापणीच्या दिवसांत नवे दिवाणजी आले. टोझर नाव, एक्झेटरचा तरुण माणूस, डोक्यावर केसांचा पांढरा टोप आणि टोपाखाली घामाच्या धारा. मी बसायला सांगितलं, ताक दिलं. माणूस वाईट नव्हता. हळूहळू त्याने सांगितलं की पट्ट्यातला माणूस समुद्रापलीकडे गेला आणि सात वर्षांत तो जिवंत असल्याचा पुरावा आला नाही, तर कायदा त्याला मेलेला धरतो. सात वर्षं होऊन गेली होती. धाकट्या मालकांना आमच्या शेतावर हरणांसाठी कुरण करायचंय. पण म्हाताऱ्या लेडी कॅरस्लेक म्हणतात की लस्कम जुनी माणसं आहेत. सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाला मोठ्या घरी कुळांची कचेरी भरते, तिथे मी स्वतः उभी राहून तिसरा जीव गेला असं कबूल केलं, तर थोडक्या नजराण्यावर नवा पट्टा मिळेल, त्यात डॉर्कसचं नाव घालतील. भांडत बसले तर कायदा आपल्या वाटेने जाईल आणि शेत सुटेल.

"म्हणजे माझा मुलगा मेला, असं मी सांगायचं," मी म्हटलं.

"नुसतं सांगायचं, बाई."

"मग कायद्याला म्हणावं, आधी येऊन मला प्रेत दाखव."

टोझर ताक तसंच ठेवून गेला. संध्याकाळी जुडिथ माझ्या मागे लागली. डॉर्कस तिच्या कडेवर पावाची कड चावत होती. ती म्हणाली, "आई, एक शब्द आहे. कचेरीत जायचं, बोलायचा आणि घरी यायचं. दादा काय त्या शब्दाने मरणार आहे?"

"मग तू बोल."

"माझा चालला असता तर मी कधीच बोलले असते. त्यांना तुझ्याच तोंडून हवाय." मग ती रडायला लागली आणि म्हणाली की हिला घेऊन मी कुणाच्या गोठ्यात राहू ते तरी सांग.

रॉजर हा माझा जावई कष्टाळू आहे, पण त्याचं डोकं नेहमी जवळची वाट शोधत असतं. सासू 'मेला' म्हणत नाही ना, मग जिवंत असल्याचाच पुरावा आणू, असं त्याने मनाशी ठरवलं. मला फक्त एवढंच म्हणाला की बिडेफर्डला एक खलाशी भेटलाय, तो म्हणतो ॲम्ब्रोजला मी पाहिलंय.

तो दिवस मी कसा काढला ते मला सांगता यायचं नाही. मी चर्चची टोपी घातली. फरशी घासली, परत घासली. डुकराची मांडी धुराड्यातून उतरवली, दाट साईचं मडकं काढलं. जुडिथ म्हणाली, आई, जरा बस, तर मी तिच्यावरच खेकसले. मग तो आला. एलियास क्रोकर त्याचं नाव. उन्हाने रापलेला, एक दात सोन्यासारखा पिवळा, बोलायला गोड. मी त्याला निकलसच्या खुर्चीत बसवलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. ॲम्ब्रोज धडधाकट आहे. एका बोटीत त्याची भागी आहे. "आम्ही दोघं एकाच पातेल्यातून कॉडची डोकी खायचो, बाई. तुमचा मुलगा बोटं चाटायचा."

माझा ॲम्ब्रोज मासळीच्या वासाने जेवणावरून उठायचा. शुक्रवारी हेरिंग केलं की तो गोठ्यात जाऊन पाव आणि कांदा खायचा. मासे धरायला निघाला तेव्हा सगळं गाव त्याला त्यावरूनच हसलं होतं.

मी रॉजरकडे बघितलं. रॉजर चुलीकडे बघत होता. सगळं समजलं. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, एक घडा आणि बहुतेक निकलसचा जुना कोट, एवढ्यावर हा माणूस ठरला होता. त्याला उठवून बाहेर काढायला मला क्षणभर लागला नसता. त्याच्याहून भारी माणसं मी त्या दारातून काढलेली आहेत. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, "आणि थंडीत अंगावर काय घालतो?"

"लोकरीचं, बाई. जाडजूड."

"हिवाळ्यात त्याला खोकला व्हायचा."

"आता नाही होत. तिकडची हवा कोरडी आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने सुधारलं, "म्हणजे होतो कधीकधी, पण मध घेतला की थांबतो."

"आणि केस?"

"मागे बांधतो."

"तो कधी बांधायचा नाही."

"तिकडे वारा फार, बाई. बांधावेच लागतात."

जुडिथने हातातलं काम ठेवलं होतं. मी त्याच्या पानात साय वाढली. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी एकेक घास घेत होते. त्याला धीर आला. म्हणाला, ॲम्ब्रोजने एका आयरिश मुलीशी लग्न केलंय, दोन मुलं आहेत, धाकटीचं नाव थॉमसिन ठेवलंय. हे नाव त्याला रॉजरने सांगितलं असणार. माझंच नाव ते. मी उठून चुलीत लाकूड घातलं. चूल चांगली पेटलेली होती.

मायकेलमसपर्यंत क्रोकर आमच्या गवताच्या माळ्यावर राहिला. रॉजरला वाटलं मी त्याची साक्ष घोटून घेतेय. मी घोटत नव्हते. दुपारी काम उरकलं की मी त्याला मटार सोलायला बसवायची आणि तो सांगायचा. रोज ॲम्ब्रोजला काहीतरी नवं मिळायचं. एक दिवस गाय मिळाली, एक दिवस घराला निळं दार. सकाळी दूध काढताना मी त्या निळ्या दाराचा विचार करायची. ते आत उघडत असेल की बाहेर, आणि वारा एवढा असतो तर कडी लाकडी की लोखंडी. क्रोकरला विचारलं तर तो म्हणाला, लोखंडी. मला बरं वाटलं.

कचेरीच्या आदल्या दुपारी मी विचारलं, "माझी आठवण काढतो का?"

"रोज, बाई. डोळ्यांत पाणी येतं त्याच्या."

"मग निरोप का नाही पाठवला?"

प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. आता तो हातातली मटाराची शेंग उलटीपालटी करत राहिला. मग मला दुखवू नये म्हणून, अगदी मायेने म्हणाला, "तसं असतं, बाई. माणूस लांब गेला, घर झालं, पोरंबाळं झाली, की मागचं थोडं विसरतो. वाईट मनाने नाही."

मी मटार उचलून आत नेले. त्या दिवशी त्याच्याकडून मी पुढे काही ऐकलं नाही.

कचेरी मोठ्या घरच्या दिवाणखान्यात भरते. भिंतीवर हरणांची शिंगं, खाली टोप्या हातात धरून उभी कुळं, आणि मेजावर टोझरसमोर गुंडाळलेल्या कातडी कागदांचा ढीग. लेडी कॅरस्लेक खिडकीशी खुर्चीत, मांडीवर कुत्रा. तो कुत्रा वेगळा असणार, पण तसाच दिसतो. टोझरने आमचा पट्टा उलगडला. निकलस लस्कम म्हणून पुकारलं, कुळांनी गेला म्हणून सांगितलं. हम्फ्री लस्कम, गेला. ॲम्ब्रोज लस्कम, असं त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

रॉजरने क्रोकरला पुढे ढकललं. म्हणाला, जिवंत असल्याचा साक्षीदार आहे. टोझरच्या भुवया वर गेल्या. त्याने शपथेसाठी बायबल पुढे केलं, क्रोकरने अंगठा बायबलवर ठेवला आणि त्याचं चुंबन घ्यायला वाकला. जुडिथने माझा हात घट्ट धरला होता. एवढं झालं की शेत आमचं, नजराणा नाही, जनावर नाही. तिच्या हाताचा घाम मला जाणवत होता. मी हात सोडवून उठले.

"थांब रे," मी म्हटलं.

टोझर म्हणाला, तुमची पाळी येईल. मी म्हटलं, आली आहे.

"हा माणूस सांगणार की माझा मुलगा तिकडे सुखात आहे. बायको आहे, मुलं आहेत, घराला निळं दार आहे. मला ते ऐकायला आवडतं, खूप दिवस ऐकलं. पण ॲम्ब्रोज सुखात असता तर त्याने मला कळवलं असतं. उपाशी असता तरी कळवलं असतं. कैदेत असता तर भिंतीवरून ओरडून कुणाला तरी सांगितलं असतं. तो जिवंत आहे असं लिहिलंत तर आईला विसरलेला मुलगा म्हणून लिहिलंत असं होईल. तसा मुलगा मी वाढवलेला नाही. लिहा, गेला."

टोझरने लेखणी उचलली आणि त्याला विचारावंच लागतं म्हणून विचारलं, "तिसरा जीव गेला असं तुम्ही स्वतः म्हणता?"

"मी म्हणते. त्याला जगात मी आणलं. हे म्हणायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही, तुमच्या कायद्यालाही नाही."

लेखणी कागदावरून कुरकुरत गेली. दाबली गेली नाही, भरभर गेली. लेडी कॅरस्लेक खिडकीबाहेर बघत होत्या. बघता बघताच त्यांनी टोझरला सांगितलं की नवा पट्टा आजच करा. जुडिथने डॉर्कसला मेजापाशी नेलं. पोरीने टोझरचा टोप धरून ओढला, आणि सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

जनावराचा प्रश्न आला तेव्हा टोझर अडखळला. म्हणाला, देह नाही, पुरणं नाही, बाईसाहेबांना विचारून सोडता येईल. मी सोडा म्हटलं नाही. म्हटलं, माझी ठिपक्यांची गाय न्या, दुधाला तिच्यासारखी या खोऱ्यात नाही. बापाच्या वेळी बैल निघाला आणि मुलाच्या वेळी काहीच निघालं नाही, असं कुणी बोलायला नको. रॉजर कपाळाला हात लावून बाहेर गेला. तो मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्या दोन दिवसांत घरात बरीच शांतता होती.

निघताना टोझर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की कायद्यात असंही आहे, तो कधी परत आला तर त्याला जिवंतच धरतात, आज काहीही लिहिलेलं असो. मी मान हलवली. त्याचा टोप अजून वाकडा होता. मी तो सरळ केला.

बाहेर अंगणात घोड्यावर चढायचा दगड आहे. क्रोकर त्याच्यावर बसला होता, टोपी गुडघ्यांत. मला बघून उठायला लागला. बहुतेक त्याला वाटलं मी मारणार. मी त्याच्या शेजारी बसले. पाय दुखत होते. खाली उतारावर जुडिथ पोरीला घेऊन चालली होती, आणि झाडांच्या पलीकडे, दिवस स्वच्छ असला की दिसते तशी, समुद्राची एक करडी रेघ दिसत होती.

मी विचारलं, "तू तिकडे खरंच गेला होतास ना?"

"गेलो होतो, बाई. बरेच उन्हाळे. देवाशपथ."

"शपथ राहू दे, आत्ताच तुझी वाचवलीय. ॲम्ब्रोजचं सांगू नको. तिथे सकाळी उठल्यावर काय दिसतं ते सांग."

इतके दिवस माझ्याकडे राहिला, पण विचार करून बोलताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"आधी काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "धुकं असतं. पाणी ऐकू येतं, दिसत नाही. मग लाकडी माच दिसायला लागतात, मासे वाळवायचे. किनाराभर नुसते माच. वास असा की पहिले काही दिवस जेवण जात नाही, काहींना कधीच जात नाही. धुकं वर गेलं की टेकडी दिसते, काळी, देवदारांची, अगदी पाण्यापर्यंत आलेली. शेत नाही, कुंपण नाही, कुठे घंटा वाजत नाही. शरदात खडकांवर लाल बोरं येतात, आंबट. जी माणसं हिवाळ्याला मागे राहतात ती बोरं गोळा करतात."

"त्यांना मासे आवडत नसले तर ती बोरं खाता येतात?"

"येतात, बाई. पावाबरोबर बरी लागतात."

मी म्हटलं, "आणि जहाजं परत निघतात तेव्हा?"

"तेव्हा मागे राहणारे खडकावर जाऊन उभे राहतात. शिडं दिसेनाशी होईपर्यंत."

"कुठे तोंड करून?"

तो माझ्याकडे बघत नव्हता, खाली त्या करड्या रेघेकडे बघत होता. "इकडे," तो म्हणाला.

कुळं एकेक करून बाहेर पडत होती, आमच्याकडे बघून बाजूने जात होती. मी शाल सारखी केली आणि त्याला म्हटलं, मग, पुढे सांग.